आमच्या गावाला इतिहास आहे काय?

गेल्या वर्षी कॉलेज सुरू झाले त्या आठवड्यातली गोष्ट. इतिहासाच्या पहिल्याच तासाला सरांनी पुस्तक न उघडता वर्गाला एक प्रश्न विचारला, “तुमच्या गावाला इतिहास आहे काय?” वर्गात चैतन्य आले. अकोटच्या मुलाने नरनाळ्याचे नाव घेतले. अचलपूरच्या मुलीने एलिचपूरचे नवाब आणि गाविलगड सांगितला. बाळापूरची माझी मैत्रीण तर उभी राहून एका दमात बोलली, “किल्ला, छत्री, खानका आणि बाळादेवी!” माझी पाळी आली तेव्हा मी खरे तेच सांगितले, “सर, आमच्या हिवरखेडला इतिहास नाही.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. “ज्या गावाला इतिहास आहे ते आधी नीट पाहून या,” ते म्हणाले, “आणि मग आपल्या गावाला तो कसा नाही, ते मला सांगा.”

ह्या लेखाचे निमित्त एवढेच. वाचकहो, मी इतिहासाची विदुषी नाही. दुसऱ्या वर्षाला शिकणारी, गँगमनची नात. परंतु ह्या एका वर्षात माझे एक मत झाले आहे आणि ते आपल्यापुढे मांडावे असे वाटते. इतिहास आपल्याजवळ नाही असे नाही. आपण तो विचारीत नाही. आणि विचारतो तेव्हा तपासून पाहत नाही. ह्या दोन्ही खोडी आपल्याला महागात पडत आहेत.

आधी माझ्याच अज्ञानाचा एक दाखला. आमच्या हिवरखेडच्या नावापुढे कागदोपत्री ‘रूपराव’ असे लागते. वऱ्हाडात हिवरखेडे पुष्कळ. एक मोर्शीकडे, एक खामगावकडे. हिवराच्या काटेरी झाडाला आपल्या मुलखात तोटा नाही, आणि झाडावरून गावाचे नाव ठेवण्याची रीत जुनी. तेव्हा अनेकांतून आपले हिवरखेड ओळखू यावे म्हणून हे ‘रूपराव’. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर मी ते नाव जन्मभर वाचत आले. पण हे रूपराव कोण, असा साधा प्रश्न मला वीस वर्षांत एकदाही पडला नाही. ज्या मुलीला आपल्या गावाच्या नावाचे कुतूहल नाही, तिने गावाला इतिहास नाही असा निकाल द्यावा, हे धाडसच नव्हे काय?

असो. दिवाळीच्या सुटीत मी मैत्रिणीकडे बाळापूरला गेले. अकोल्याहून खामगावच्या रस्त्याने गेले की मन आणि म्हैस ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव लागते. नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला आहे. डोंगरी किल्ल्यांची चित्रे पाहून ज्याची नजर तयार झाली त्याला हा किल्ला प्रथम चकवतो, कारण तो विटांचा आहे. पण त्या विटा अशा की आजच्या गुत्तेदाराने खाली मान घालावी! एकाच्या आत एक असे दरवाजे, आतला पाचकोनी कोट, प्रत्येक कोनाला बुरूज. पावसाळ्यात दोन्ही नद्या भरून वाहू लागल्या म्हणजे एक बाजू सोडून किल्ल्याला पाण्याचाच वेढा पडतो. म्हणजे खंदक नद्यांनीच खणून ठेवला होता. बांधणाराने फक्त जागा ओळखली. एकेकाळी ह्या किल्ल्यात सरकारी कचेऱ्या भरत. जेथे तोफा असत तेथे सातबारा मिळू लागला, हेही इतिहासाचेच एक वळण.

मैत्रिणीने मला मोठ्या अभिमानाने माहिती सांगितली, “औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने १७२१ साली किल्ल्याचे काम सुरू केले आणि एलिचपूरचा नवाब इस्माइलखान याने ते १७५७ साली पुरे केले.” मी वहीत लिहून घेतले. पुढे नदीकाठी छत्रीकडे गेलो. काळ्या दगडाची, सुबक कमानींची ती छत्री पाहताच मन निवते. तेथे एक म्हातारे बाबा बकऱ्या चारीत बसले होते. त्यांनी विचारले, “काय पाहाले आल्या, पोरीहो?” आम्ही म्हटले, “छत्री.” ते म्हणाले, “जयसिंग राजाची समाधी हाय ते. इथंच मेला राजा.” तेही मी लिहून घेतले.

संध्याकाळी मैत्रिणीच्या आईच्या हातची भाकर आणि वांग्याची भाजी खाताना माझ्या मनात एकच विचार होता: नशीबवान गाव! शहजादे काय, राजे काय, नवाब काय! आमच्याकडे मेली कपाशीशिवाय आहे काय?

सुटी संपल्यावर निबंध लिहायला बसले, आणि तेथे फजिती झाली. आमच्याच अभ्यासक्रमाच्या पुस्तकात औरंगजेबाचे प्रकरण उघडले. औरंगजेब १७०७ च्या मार्चमध्ये नगरजवळ वारला. मग गादीसाठी भाऊबंदकी झाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये आग्र्याजवळच्या जाजवच्या लढाईत आझमशहा मारला गेला. मारला गेला १७०७ मध्ये, आणि बाळापूरचा पाया घातला १७२१ मध्ये! चौदा वर्षांपूर्वी गेलेला शहजादा कुदळ घेऊन परत आला की काय? आझमशहाने आरंभ केला हे खरे धरले, तर ते साल १७०७ च्या आधीचे असले पाहिजे. १७२१ हे साल खरे धरले, तर आरंभ करणारा आझमशहा नव्हे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असूच शकत नाहीत. तरी हे वाक्य जसेच्या तसे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते. कोणी पर्यटनाच्या माहितीत छापतो, कोणी परीक्षेत लिहितो, कोणी मोबाइलवर वाचून पुढे पाठवतो, आणि माझ्यासारखी एखादी वहीत उतरवून घेते. ताडून पाहायला दोन पाने उलटावी लागतात. ती कोणी उलटीत नाही.

छत्रीचेही तसेच झाले. मिर्झाराजा जयसिंग म्हणजे ज्याच्याशी शिवाजी महाराजांनी १६६५ साली पुरंदरचा तह केला तो. तो १६६७ च्या ऑगस्टमध्ये वारला हे खरे, पण बाळापुरात नव्हे, बुऱ्हाणपुरात. त्याची स्मारकछत्री म्हणून जी दाखवतात तीही बुऱ्हाणपूरजवळ, तापीच्या काठी आहे. आपल्या मराठीत ‘छत्री’ म्हटले की समाधी डोळ्यांपुढे येते. बाळापूरची छत्री त्या अर्थाची नव्हे. नदीकाठी टेकायला, वारा खायला बांधलेला तो मंडप. एका शब्दाच्या दोन अर्थांनी एका राजाला दुसऱ्याच गावी मारून टाकले!

मला त्या म्हाताऱ्या बाबांचा दोष काढायचा नाही. त्यांनी जे ऐकले ते सांगितले. दोष माझा. मी शिकलेली, पुस्तक माझ्या पिशवीत, आणि तरी मी मान डोलावून लिहून घेतले. ऐकीव गोष्टीला शिकलेल्या माणसाच्या वहीत जागा मिळाली की ती शहाणी दिसू लागते. म्हणून वहीवाल्याची जबाबदारी अधिक.

पण ह्या फजितीने एक भले केले. मला बाळापूर आवडू लागले ते पाठांतर सुटल्यावर. मग मी शोधू लागले, आणि वाचनालयात अशा गोष्टी सापडल्या की ज्या आम्हाला त्या दिवशी कोणीच सांगितल्या नव्हत्या. अकबराचा इतिहासकार अबुल फजल याने आइन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले आहे. त्यात बाळापूरजवळच्या दोन ओढ्यांचा उल्लेख आहे आणि त्यांच्या काठी नाना तऱ्हेचे सुंदर खडे सापडतात, लोक ते घासून-कापून हौसेने जवळ ठेवतात, असे तो सांगतो. चारशे वर्षांहून अधिक काळापूर्वी दिल्ली-आग्र्याच्या दरबारी माणसाला बाळापूरचे खडे ठाऊक होते! तेथून सहा कोसांवर अकबराच्या मुरादने शहापूर वसवले, तेही तो लिहितो. हा मुराद १५९९ साली दक्षिणेतच वारला. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा मी नदीच्या पात्रातून एक खडा उचलून आणला. तांबूस आहे, नखाएवढा. बाजारात त्याला कोणी पैसा देणार नाही. पण आता तो नुसता खडा राहिलेला नाही.

आणखी एक. १७२० च्या ऑगस्टमध्ये बाळापूरजवळ एक मोठी लढाई झाली. दिल्लीत बादशहा बसवणारे आणि उठवणारे सय्यद बंधू त्या वेळी जोरात होते. त्यांचा पुतण्या आलमअलीखान आणि निजामुल्मुल्क यांची ही लढाई. आलमअलीच्या बाजूने मराठ्यांच्या पलटणीही होत्या. आलमअली पडला, निजाम जिंकला. चार वर्षांनी, १७२४ मध्ये, आपल्याच शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात साखरखेर्ड्याला त्याने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत त्याला अडवणारा कोणी उरला नाही. हैदराबादचे राज्य म्हणून आपण जे ओळखतो त्याचा जन्म हैदराबादेत झाला नाही, वऱ्हाडच्या काळ्या मातीत झाला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. बाळापूर पाहायला जाणाऱ्यांपैकी कितीजण हे ऐकून परततात?

येथेच एक नाजूक गोष्ट बोलून टाकते. बाळापुरात बाळादेवीचे देऊळ आहे. गावाचे नाव तिच्यावरून पडले असे लोक सांगतात. नक्षबंदी सूफींची जुनी खानका आहे. रजपूत राजाची छत्री आहे. मोगल आणि नवाबी किल्ला आहे. हे सारे एका नदीकाठी, चालत फिरता येईल एवढ्या अंतरात. पण मी पाहिले ते असे, की देवळाला जाणारा खानका पाहत नाही, खानकेला जाणारा देऊळ पाहत नाही, आणि छत्री पाहणारा संध्याकाळची हवा खाऊन परततो. प्रत्येकाने आपल्यापुरता इतिहास वाटून घेतला आहे. भावाभावांनी वाडा वाटून घ्यावा आणि मधल्या चौकात कोणीच झाडू मारू नये, तशी ही गत. नदीला मात्र हे वाटप ठाऊक नाही. ती पुराच्या वेळी सर्वांच्या पायऱ्यांना सारखीच येऊन लागते. निदान विद्यार्थ्यांनी तरी नदीची रीत धरावी, असे मला वाटते. जे आहे ते सगळे लिहावे. आवडते तेवढेच नव्हे.

आता माझ्या गावाकडे वळते. बाळापूरच्या लढाईचा माग काढता काढताच मी घरी येऊन पोचले, हे सांगितले तर आपल्याला नवल वाटेल. निजामाच्या हाती वऱ्हाड कसे आले, कसे राहिले, हे वाचताना मला कळले की पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्यात हात घातला आणि दोघांचा अंमल ह्या मुलखावर एकाच वेळी चालू लागला. दोअमली म्हणतात ती हीच. रयत एक आणि धनी दोन. ही दोअमली संपली केव्हा? १८०३ साली. कशाने? एका लढाईने. लढाई कोठे झाली? इंग्रजी पुस्तकांत नाव दिले आहे ‘आर्गॉम’. मी ते नाव तीनदा वाचले. मग नकाशा पाहिला. आर्गॉम म्हणजे अडगाव! आमच्या हिवरखेडहून अकोटकडे निघाले की पुढचेच रेल्वेस्टेशन. जेथे माझी मावशी दिली आहे ते अडगाव!

त्या क्षणी मला हसावे की रडावे ते कळेना. पानिपत, प्लासी, वॉटर्लू मी पाठ केलेले. वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन मला माहीत. तोच माणूस, तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली, १८०३ च्या नोव्हेंबरच्या २९ तारखेला पातुर्ड्याकडून चालत माझ्या मावशीच्या शिवारात आला होता, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. दोनच महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, त्याने असईची लढाई जिंकली होती. अडगाव आणि सिरसोलीच्या शिवारात भोसल्यांचे सैन्य उभे होते. रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू त्याचे सेनापती. शिंद्यांचे घोडदळही होते. लढाईच्या आरंभीच मराठ्यांच्या तोफांचा असा मारा झाला की असईला टिकलेल्या वेलस्लीच्या पलटणी येथे पाठ फिरवून पळू लागल्या. त्याला स्वतः पुढे होऊन त्यांना परत उभे करावे लागले. उतरत्या उन्हात सुरू झालेली लढाई अंधार पडण्याच्या सुमारास मराठ्यांच्या हातून गेली. अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, आणि चांदण्यात मैलोगणती पाठलाग चालला. त्या चांदण्यात धावणारी माणसे आमच्या नाल्यांतून, आमच्या कपाशीच्या वावरांतून धावली नसतील काय?

पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला, आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक सोडले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडले. नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले तेवढे त्यांच्याकडे राहिले. इंग्रजांनी ते वऱ्हाड निजामाला दिले. पन्नास वर्षांनी, १८५३ मध्ये, फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून ते स्वतःच्या ताब्यात घेतले, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले. म्हणजे आमचे पणजे-खापरपणजे कोणाला सारा भरणार, कोणत्या भाषेत अर्ज लिहिणार, कोणत्या कचेरीपुढे ताटकळणार, हे ज्या एका तिसऱ्या प्रहरी ठरले, तो प्रहर आमच्या शेजारच्या शिवारात उतरला होता. इंग्रजांनी १८५१ साली ह्या लढाईत लढलेल्या आपल्या माणसांना पदके वाटली आणि पदकाच्या पट्टीवर ‘आर्गॉम’ हे नाव कोरले. दूर देशातल्या एखाद्या कपाटात आमच्या अडगावचे नाव चांदीवर कोरलेले आहे. आणि येथे मी वर्गात उभी राहून सांगते, सर, आमच्याकडे इतिहास नाही!

पण माझ्या मनाला खरी टोचणी लागली आहे ती अडगावची नव्हे. अडगाव पुस्तकात आहे. कोणी तरी केव्हा तरी वाचीलच. टोचणी आहे ती जे पुस्तकात नाही त्याची.

माझे आबाजी रेल्वेत गँगमन होते. अकोला-खंडवा मीटरगेज लाइन स्वातंत्र्यानंतरची. तिच्यावर त्यांचा उभा जन्म गेला. उन्हातान्हात गिट्टी भरली, चाव्या ठोकल्या, पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन मोऱ्या तपासल्या. अकोट, अडगाव, हिवरखेड, वान रोड, आणि मग सातपुड्याचा चढ. धूळघाटाजवळ गाडी एवढा मोठा वेढा घेई की पुलावरून आपल्याच रुळांना ओलांडून जाई. ते आबाजी मला खाटेवर बसून बोटाने हवेत काढून दाखवीत. मोऱ्यांना रेल्वेने नंबर दिले होते. गँगवाल्यांनी नावे दिली होती. एक ‘म्हातारीची मोरी’ होती, एक ‘बोरीची मोरी’ होती. प्रत्येक नावामागे एक गोष्ट होती: कोणाला साप चावला, कोठे बाळंतीण उतरवली, कोठे वाघाच्या डरकाळीने सगळी गँग झाडावर चढून बसली.

२०१७ च्या आरंभी ही मीटरगेज बंद झाली. शेवटच्या गाडीनंतर आबाजी काही दिवस सवयीने स्टेशनाकडे जात आणि रिकामेच परत येत. पुढे अकोटपर्यंत रुंद रूळ आले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात अकोला-अकोट गाडी सुरूही झाली. पण अकोटच्या पुढे जुनी वाट मेळघाटच्या वाघांच्या रानातून जाते म्हणून वाद झाला, आणि रान टाळून नवी वाट काढण्याचे ठरू लागले. आबाजींना त्याचे दुःख नव्हते. “वाघाचं रान वाघाले राहू द्या,” ते म्हणत. त्यांचे म्हणणे एकच होते. ते मला वारंवार सांगत, “बाई, ह्या मोऱ्याइचे नावं लिहून घेजो. रूळ उखडले का मोरी राहीन, नाव नाही राहनार. मी गेल्यावर कोन सांगन तुले?”

मी म्हणे, “हो आबाजी, परीक्षा झाल्यावर.” एका दुपारी मात्र बसले होते. फुलस्केप कागद घेतला, नावे लिहू लागले. अकरा ओळी झाल्या. तेवढ्यात कोणी तरी हाक मारली म्हणून उठले. “उरलेल्या मंग,” आबाजी म्हणाले. ते ‘मंग’ आलेच नाही. तीन वर्षांपूर्वी श्रावणात ते गेले. माझ्याजवळ अकरा ओळींचा तो कागद आहे. पुढच्या मोऱ्या आता नंबरांच्या आहेत.

आता कोणी विचारील, आणि विचारतातही, की ह्या सगळ्याने पोट भरते काय? कपाशीला भाव नाही, पदवीला नोकरी नाही, आणि ही बाई मोऱ्यांची नावे काय मोजते? प्रश्न खोटा नाही. इतिहासाने भाकर मिळत नाही, हे मी कबूल करते. पण गावाविषयी जे निर्णय होतात, म्हणजे रेल्वे कोठून न्यावी, नाल्यावर बांध कोठे घालावा, जुनी विहीर बुजवावी की उपसावी, ते निर्णय गावाच्या माहितीवर व्हावे लागतात. माहिती गावाने लिहून ठेवली नसेल, तर निर्णय दुसऱ्याच्या नकाशावर होतो. आमच्या खारपाणपट्ट्यात कोणत्या विहिरीचे पाणी गोडे आणि कोणत्या विहिरीचे मचूळ, हे वान धरणाचे पाणी चौऱ्याऐंशी खेड्यांच्या योजनेतून नळाला येण्याआधी प्रत्येक सासुरवाशिणीला तोंडपाठ होते. हे ज्ञान म्हणजे इतिहास नव्हे, असे कोण म्हणेल? ते आज ज्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे त्या किती दिवस राहणार?

दुसरे असे, की आपण लिहिले नाही म्हणून जागा रिकामी राहत नाही. तेथे १७२१ चा आझमशहा येऊन बसतो. खरे सांगणारा गप्प राहिला की चुकीचे सांगणाऱ्याला मैदान मोकळे मिळते. गावांवरून, देवळांवरून, दर्ग्यांवरून आज जे तंटे माजतात त्यांतले किती नुसत्या ऐकीव गोष्टींवर उभे असतात, ह्याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो आणि गुरुजनहो, नुसते रडगाणे न गाता माझी एक सूचना आहे. आपले कॉलेज आसपासच्या खेड्यापाड्यांतून भरते. प्रत्येकाने दिवाळीच्या सुटीत आपल्या गावाविषयी फक्त चार पाने लिहून आणावी. शेतांची आणि पांदणींची नावे, विहिरी आणि पाणवठे, बाजाराचा दिवस, जत्रा आणि उरूस, शाळेच्या जुन्या रजिस्टरातली पहिली नोंद, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाची एक आठवण. नियम दोनच. जे ऐकले त्यापुढे ‘ऐकले’ असे लिहायचे आणि कोणाकडून ते लिहायचे. जे कागदावर पाहिले त्यापुढे ‘पाहिले’ असे लिहायचे आणि कोठे ते लिहायचे. साल आले की निदान एका पुस्तकाशी ताडून पाहायचे. वाचनालयात एक कपाट ह्या वह्यांसाठी राखून ठेवावे. यादव माधव काळे यांनी १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला तेव्हा त्यांच्यापाशी आपल्याएवढीही साधने नव्हती. आपण तेवढा ग्रंथ नाही लिहिणार. पण पुढच्या काळ्यांना लागणारी वीट तर भाजून ठेवू.

घाई करण्याचे कारणही सांगते. आमच्या हिवरखेडच्या ग्रामपंचायतीची आता नगरपरिषद झाली. आनंदाची गोष्ट आहे. पण कचेरी बदलते तेव्हा जुनी दप्तरे बांधली जातात. बांधलेली दप्तरे खोलीत जातात, आणि खोलीतून कोठे जातात ते आपल्याला ठाऊकच आहे. अशी वेळ प्रत्येक गावावर केव्हा ना केव्हा येतेच. त्या वेळी दारात उभा राहून “थांबा, मला पाहू द्या,” असे म्हणणारा गावाचा एक तरी मुलगा, एक तरी मुलगी हवी.

निबंध देताना मी सरांना सांगितले, “सर, माझे उत्तर चुकले होते.” ते म्हणाले, “मग बरोबर उत्तर काय?” मी म्हटले, “अजून लिहिते आहे.” माझ्या वहीत सध्या पहिल्या पानावर अडगावची लढाई आहे. दुसऱ्या पानावर ‘रूपराव’ एवढाच शब्द असून खाली पान कोरे आहे. ह्या उन्हाळ्यात कोणाकोणाला विचारायचे त्यांची यादी केली आहे. तिसऱ्या पानावर आबाजींच्या अकरा ओळी चिकटवल्या आहेत. त्यांच्यासोबत गँगमध्ये असलेले एक काका अडगावला मावशीच्या आळीत राहतात. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. परवा मावशीचा निरोप आला, “काकाले अजून बऱ्याच मोऱ्या आठोतात म्हन्ते. पन लौकर ये.”

वार्षिक परीक्षा पुढच्या सोमवारी सुरू होते. मी ह्या रविवारी अडगावला जाणार आहे.